प्राणिज प्रथिनांवरील घरखर्च : खेड्यातील व शहरातील

शरीराची वाढ होण्यासाठी व झीज भरून येण्यासाठी प्रथिने आवश्यक असतात. ज्वारी, बाजरी व डाळी यांतूनही ती मिळतात. परंतु दूध, अंडी, मासळी व मांस यांतील प्रथिने अधिक परिपूर्ण होत. वाढती मुले, गरोदर स्त्रिया व अंगावर पाजणाऱ्या माता यांना ती विशेष हितकर ठरतात.

भारत सरकारच्या २०२२-२३ सालच्या पाहणीनुसार देशात दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ३,७७३ रुपये व नागरी भागात ६,४५९ रुपये होता. त्यापैकी दूध व दुग्धपदार्थांवर खेड्यात ८.३३ टक्के व शहरात ७.२२ टक्के, तर अंडी, मासळी व मांस यांवर अनुक्रमे ४.९१ व ३.५७ टक्के खर्च झाला. टक्केवारीत खेडे पुढे दिसते. परंतु रुपयांत हिशेब केल्यास हा एकूण खर्च खेड्यात सुमारे ५०० रुपये, तर शहरात सुमारे ७०० रुपये भरतो.

मात्र या फरकावरून शहरात तितकेच अधिक खाल्ले जाते, असे अनुमान काढणे योग्य नव्हे. पाहणीत घरचे दूध व अंडी स्थानिक उत्पादकाच्या भावाने धरतात. शहरी ग्राहकाच्या भावात वाहतूक, प्रक्रिया व विक्रीचा खर्च मिळालेला असतो.

यातच शेतकऱ्याचा लाभ आहे. गाईच्या एक लिटर दुधात सुमारे ३२ ग्रॅम प्रथिने असतात. संकलन केंद्राचा भाव लिटरला ३५ रुपये व शहरातील भाव ६० रुपये धरल्यास, घरी ठेवलेल्या अर्ध्या लिटरसाठी शेतकरी साडेसतरा रुपयांस मुकतो; शहरी ग्राहकास त्याच दुधास ३० रुपये मोजावे लागतात. या अर्ध्या लिटरात १६ ग्रॅम प्रथिने मिळतात. पंचावन्न किलो वजनाच्या स्त्रीस दररोज सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात, हे ध्यानात घेता हा वाटा लहान नव्हे.

म्हणून मुलाबाळांपुरते दूध आधी काढून ठेवावे व उरलेले केंद्रावर घालावे. लोणी विकले तरी ताक घरीच वापरावे. कारण दुधातील प्रथिने बहुतांशी ताकातच राहतात. ज्या घरी दुभते जनावर नाही, तेथे चार-सहा गावरान कोंबड्या पाळणे सोयीचे होय. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कुटुंबांस महिनाभर वहीत दोन रकाने लिहावयास सांगावे : किती विकले व घरात किती खाल्ले. दुसरा रकाना रिकामा राहिल्यास, दूध घरचे असूनही मुले त्यास मुकत आहेत, हे स्पष्ट होईल.