जर्दाळू खा, कडू बी नको

वाळलेला जर्दाळू खाऊन झाला की आतले कठीण कवच दगडाने फोडायचे आणि बी ‘बदाम’ म्हणून खायची, हा आपल्यापैकी अनेकांचा लहानपणीचा उद्योग. गोड बी असेल तर हरकत नाही. कडू बीची गोष्ट मात्र वेगळी आहे.

जर्दाळू हे थंड मुलखातले झाड. लडाखमध्ये त्याला ‘चुली’ म्हणतात. तिथे हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली जातो, तरी पाने गाळून झोपी गेलेले झाड तग धरते. किंबहुना ही थंडी त्याला हवीच असते. साधारण 7 अंशांखाली शेकडो तास काढल्याशिवाय त्याच्या कळ्या नीट उमलत नाहीत. आपल्याकडे बी रुजली तरी फळ धरत नाही, ते यामुळेच. खरा धोका वसंतातला. झाड लवकर फुलते आणि एखाद्या रात्री पारा उणे 2-3 अंशांवर घसरला, तर फुले करपून वर्षाचे पीक हातचे जाते. म्हणून थंड हवा साचणाऱ्या खोलगट जागेपेक्षा उतारावरची जागा बरी.

लडाखी शेतकरी गोड बीचे आणि कडू बीचे झाड वेगळे ओळखतात. पांढऱ्या, गोड बीच्या ‘रक्तसे कार्पो’ला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कडू बियांचे तेल काढतात.

हा कडूपणा अमिग्डालिनचा. बी चावली, पचू लागली की त्यातून सायनाइड तयार होते आणि पेशींना प्राणवायू वापरता येत नाही. मळमळ, डोकेदुखी, चक्कर, धाप ही सुरुवात. प्रमाण वाढले तर झटके येतात, जीवही जातो. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने 2016 मध्ये सांगितले की, मोठ्या माणसाने एका वेळी तीनपेक्षा जास्त लहान कच्च्या बिया खाल्ल्या तर सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते. लहान मुलाला एक बीही जास्त ठरू शकते.

तरीही ‘बी-17 जीवनसत्त्व’ म्हणून याच बिया कर्करोगावर सुचवल्या जातात. हे जीवनसत्त्व नव्हेच. अमेरिकेत 1982 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 178 रुग्णांवरील चाचणीत अमिग्डालिनचा उपयोग दिसला नाही. काहींच्या रक्तात सायनाइड मात्र धोक्याच्या पातळीजवळ पोहोचले. अशा बियांपायी उपचार लांबवले, तर गेलेला वेळ परत आणता येत नाही.

तेव्हा जर्दाळू जरूर खा. बी कडू लागली तर लगेच थुंकून टाका. मुलांनी खाल्ली असेल, तर त्रास सुरू होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठा.