पत्ता : रैनबसेरा, कंपू

जानेवारीतली रात्र, साडेदहा वाजलेत. जयारोग्य रुग्णालयाच्या बाहेरच्या फुटपाथवर डोक्यापर्यंत पांघरूण ओढलेल्या माणसांची रांग लागली आहे. ग्वाल्हेरची थंडी हाडात शिरते म्हणजे काय, ते इथं उभं राहिल्यावर कळतं. शालीवरून मफलर गुंडाळलेल्या काकू एकेका पांघरुणाशी वाकतात आणि आधी विचारतात, "पेशंट के साथ हो?"

बहुतेकांचं उत्तर 'हो' असतं. भिंड, मुरेना, दतिया, शिवपुरीहून आलेले हे नातेवाईक. त्यांचं माणूस आत खाटेवर आणि ते बाहेर. त्यांना सोडून काकू पुढं जातात, पण खात्री करूनच. खरा प्रश्न असतो दुसरा : "कौन सा वार्ड?" इथं जो अडखळतो, त्याचं आत कुणीच नसतं. रुग्णालयाबाहेर झोपलं की पोलीस उठवत नाहीत, हे बेघरांना पक्कं ठाऊक असतं.

कंपूतल्याच मराठी घरातल्या या काकू शाळेतून निवृत्त झाल्यापासून हिवाळ्यात रात्री निघतात. सोबत कॉलेजातली दोन पोरं आणि रैनबसेऱ्याचा, म्हणजे बेघरांच्या रात्रनिवाऱ्याचा, चौकीदार. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेला पडली, ती उठलीच नाही. तिचंच लश्कर शहर झालं, आणि आपली मराठी घरंही त्या लवाजम्यातलीच. काकूंना या इतिहासात फारसा रस नाही. त्यांचं लक्ष बंद टपरीच्या आडोशाला बसलेल्या माणसाकडे आहे.

पन्नाशीचा असेल. पोलिओनं दोन्ही पाय वाळलेले. शेजारी बेअरिंगची फळी, आणि हातांत चपला. हो, हातांतच. टायर कापून केलेल्या त्या चपलांवर तळवे टेकत तो पुढं सरकतो. रैनबसेऱ्याचं नाव काढताच तो मान हलवतो. "वहाँ गाड़ी चोरी हो जाती है." फळी उशाशी ठेवू, असं चौकीदार सांगतो. तरी तो हलत नाही. मग हळूच म्हणतो, "सीढ़ी है."

आहेत खऱ्या. पाच पायऱ्या. शहरात दर लाख वस्तीमागं बारा महिने, चोवीस तास उघडा असा एक निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये बजावलं, 2013 मध्ये केंद्राची योजनाही आली. खाटा आल्या, कांबळी आली. उतरण मात्र कुणाच्या ध्यानात राहिली नाही. शेवटी पोरं त्याला दोन्ही बाजूंनी उचलतात. तो मान वळवून भलतीकडे बघतो. मोठ्या माणसाला असं उचलून नेताना बघणाऱ्यालाही संकोच वाटतो. आत खाट मिळते. फळी खाटेखाली जाते आणि तिची दोरी तो मनगटाला बांधून घेतो.

रात्रीची सोय तासाभरात झाली. खरी लढाई सकाळी सुरू होते, ती कागदांची. आधार नाही म्हणून समग्र आयडी नाही. मध्य प्रदेशात त्या क्रमांकाशिवाय सरकारी योजनेचं पान हलत नाही. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं ओळखपत्र, करायला मेडिकल बोर्डापुढं जायचं, तिथंही ओळख हवी. डोळ्यांना दिसणारे पाय कागदावर किमान चाळीस टक्के ठरले, की महिना 600 रुपये पेन्शन. घराचं म्हणाल, तर प्रधानमंत्री आवासमध्ये घर बांधायला अनुदान मिळतं ते स्वतःचा प्लॉट असणाऱ्याला. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याच्याकडे जागा तरी असावी, ही अपेक्षा मला अजून उमगलेली नाही.

आधार केंद्रावर अकरा वाजता नंबर लागतो. पत्त्याचा पुरावा म्हणून काकू रैनबसेऱ्याच्या अधीक्षकांचं पत्र पुढं करतात. ठरावीक नमुन्यातलं असं पत्र चालतं, हे त्यांना पाठ आहे. ऑपरेटर ते दोनदा वाचतो आणि घेतो. फोटो होतो. मग बोटं.

काचेवर चार बोटं टेकतात. यंत्र नापास करतं. ऑपरेटर ओल्या फडक्यानं बोटं पुसून घेतो. पुन्हा तेच. मी वाकून बघते. चपलेच्या पट्ट्याबाहेर राहणारी बोटांची टोकं वर्षानुवर्षं डांबरावर घासून गुळगुळीत झालेली, वर काळपट घट्टे. रेषा म्हणून काही उरलेलीच नाही. मागं रांगेतला एक जण घड्याळ बघून चुकचुकतो. काकू वळून त्याच्याकडे नुसत्या बघतात, तो गप्प होतो.

"आँखों से हो जाएगा," ऑपरेटर म्हणतो. बोटं उमटली नाहीत तरी बुबुळांवर काम भागतं, नियमात सोय आहे. दुर्बिणीसारखं यंत्र चेहऱ्यापुढं येतं. "पलक मत झपकाओ." तो डोळे इतके ताणतो की पाणी येतं. हिरवा दिवा लागतो.

"मोबाइल नंबर?"

काकू आपला नंबर सांगतात. यापूर्वी किती जणांच्या नोंदणीत तो गेलाय, कोण जाणे. अवेळी येणाऱ्या ओटीपींमुळे त्यांचा मुलगा वैतागतो म्हणे.

पावती छापून येते. तो ती उलटी धरतो, सुलटी करतो आणि काकूंपुढं करतो. "पता क्या लिखा है, बहनजी?"

काकू चश्मा लावून वाचून दाखवतात : रैनबसेरा, कंपू, लश्कर, ग्वालियर.

"सीढ़ी वाला?"

"वही."

तो फिसकन हसतो. पावती घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवतो आणि चपला हातांत चढवतो. काकू फोनवर कुणाला तरी विचारू लागल्या आहेत, मुरारच्या जिल्हा रुग्णालयात बोर्ड कोणत्या वारी बसतं, आणि रॅम्पसाठी नगर निगमकडे दिलेल्या अर्जाचं पुढं काय झालं.