गिटार आणि पौरुष

रॉक संगीताचा विषय निघाला, की श्रोत्यांच्या नजरेपुढे बहुधा विजेची गिटार छेडणारा एखादा बेभान तरुण उभा राहतो. हे वाद्य पुरुषाच्याच हातचे, अशी समजूत दृढ झाली आहे. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

अमेरिकेतील आर्कन्सॉ राज्यात १९१५ साली जन्मलेली कृष्णवर्णीय गायिका सिस्टर रोझेटा थार्प ख्रिस्ती भक्तिगीते विजेच्या गिटारवर गात असे. १९४४ साली ध्वनिमुद्रित झालेल्या तिच्या एका गीतात पुढे येणाऱ्या रॉकची चाहूल स्पष्ट लागते. ती पुरुषासारखी वाजवते, अशी तिची तारीफ होई. कौशल्य बाईचे आणि श्रेय पुरुषजातीला, असा हा गौरव होता.

१९४७ मध्ये जॉर्जियातील मेकन शहरी रोझेटाने रिचर्ड पेनिमन या चौदा वर्षांच्या मुलास आपल्या कार्यक्रमात गावयास लावले. हाच पुढे लिटल रिचर्ड म्हणून गाजला. डोळ्यांत काजळ, चेहऱ्यास रंग आणि उंच केशरचना करून तो पियानोवर गर्जत असे. रॉकच्या या आद्य प्रवर्तकाला रूढ पौरुषाची चौकट मानवलीच नाही.

अमेरिकेतील रॉक संगीताच्या सन्मानमंदिराने १९८६ साली पहिले मानकरी निवडले. त्यांत लिटल रिचर्ड होता. स्त्री एकही नव्हती. १९७३ मध्ये निवर्तलेल्या रोझेटाला तो मान २०१८ साली, मृत्यूनंतर ४५ वर्षांनी मिळाला. तोवर गिटार पुरुषाचीच, हे ऐकत दोन पिढ्या वाढल्या होत्या.