परभणी जिल्ह्यात बेकार किती? आकड्यांमागचा हिशोब

परभणी जिल्ह्यात बेकार किती, असे चार ठिकाणी विचारले तर चार वेगळे आकडे मिळतात. कोणी खोटे सांगतो असे नव्हे. प्रत्येक जण वेगळीच गोष्ट मोजत असतो. या आकड्यांवर योजना आणि निधी ठरतो. म्हणून दुकानदार आणि कारागीर मंडळींनीही हा हिशोब समजून घ्यायला हवा.

सर्वांच्या परिचयाचा आकडा सेवायोजन कार्यालयाचा. बारावी झाली की 'एम्प्लॉयमेंटमध्ये नाव घालायचे' ही आपल्याकडची जुनी रीत. पण नाव घातलेला मुलगा पुढे शिकत असतो, कधी कामालाही लागलेला असतो, आणि नाव तसेच राहते. उलट जिंतूर-पालमकडचा अशिक्षित मजूर या नोंदीत येतच नाही. ही यादी सुशिक्षितांच्या नोकरीच्या इच्छेची आहे, बेकारीची नव्हे.

दुसरा आकडा राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा. 1970 साली दांतवाला समितीने सांगितले की, शेतीप्रधान देशात बेकारी एकाच आकड्यात मावत नाही. त्यानंतर 1972-73 पासून तीन पद्धती रूढ झाल्या. पहिलीत वर्षभराचा विचार होतो. दुसरीत मागच्या आठवड्यात एक तास जरी काम मिळाले तरी माणूस कामावर धरला जातो. तिसरीत अर्ध्या-अर्ध्या दिवसाचा हिशोब होतो. समजा, सोनपेठच्या एका मजुराला आठवड्यात तीन दिवस कापूस वेचणी मिळाली आणि चार दिवस तो काम शोधत बसला. आठवड्याच्या पद्धतीने तो बेकार नाही. दिवसाच्या पद्धतीने सातापैकी चार दिवस, म्हणजे 57 टक्के बेकारी! वर्तमानपत्रांत येणारा आकडा बहुधा पहिल्या दोन पद्धतींचा असतो. गरीब जिल्ह्यात बेकारी कमी दिसते ती यामुळेच. गरिबाला रिकामे बसणे परवडत नाही.

आपल्या मोहल्ल्यातलेच पाहा. मोठ्या भावाच्या पंक्चरच्या टपरीवर तीन भाऊ बसतात, काम मात्र एकापुरते. सर्वेक्षणात तिघेही 'घरच्या धंद्यात मदतनीस', म्हणजे रोजगारात. मुसलमानांत स्वयंरोजगाराचे प्रमाण जास्त असल्याचे सच्चर समितीने 2006 साली दाखवले, तेव्हा ही झाकलेली बेकारी आपल्याकडे जास्त असणार हे उघड आहे. घरी शिवणकाम करणाऱ्या बाईबद्दल तर 'घरीच असते' एवढेच उत्तर दिले जाते. मग ती कामगारांतही नाही आणि बेकारांतही नाही.

काळाची तुलना करताना आणखी घोळ होतो. 1981 साली परतूर तालुका जालना जिल्ह्यात गेला. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. 1991 च्या जनगणनेत परभणीची लोकसंख्या सुमारे 21 लाख आणि 2001 मध्ये सुमारे 15 लाख. माणसे कमी झाली नाहीत, हद्द बदलली. जुन्या आकड्यांतून हिंगोली, कळमनुरी, वसमतकडचा भाग वजा केल्याशिवाय तुलना करणे व्यर्थ आहे. त्यात 1981 पासून जनगणनेने 183 दिवसांची रेघ ओढून मुख्य आणि सीमांतिक असे कामगारांचे दोन गट केले. त्याआधीचे प्रश्न वेगळे होते.

महिनाही महत्त्वाचा. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेलेली जोडपी मार्च-एप्रिलमध्ये परततात. जनगणनेचे शिरगणतीचे काम 2011 साली फेब्रुवारीत झाले. तेव्हा तांड्यांवर कित्येक घरांना कुलपे. तीच माणसे मे महिन्यात गावात रिकामी सापडतात.

रोजगार हमीचा हजेरीपट हा एक चांगला पुरावा वाटतो. महाराष्ट्राने हमी कायदा 1977 साली केला, केंद्राने 2005 साली. पण काम सुरूच झाले नाही तर हजेरी शून्य, आणि शून्य हजेरीचा अर्थ मागणी नाही असा लावला जातो. खरी मागणी मजुरांनी भरलेल्या नमुना 4 च्या अर्जांत असते, आणि अर्ज घेतल्याची पोच न मिळाल्यास तीही कागदावर उरत नाही.

नमुना सर्वेक्षणात 2025 पासून जिल्हा हा पायाभूत घटक धरला आहे, ही सुधारणा चांगली. तरी गावापुरते काम गावानेच करता येईल: तीच शंभर घरे, वर्षातून चार वेळा, पेरणीनंतर, वेचणीत, ऊसतोडीच्या काळात आणि मे महिन्यात, आणि एकच प्रश्न: मागच्या आठवड्यात किती अर्धे दिवस काम मिळाले आणि किती अर्धे दिवस हवे असून मिळाले नाही?