चकाकी पेस्टमध्ये नसते

हरिहरेश्वरला काळभैरवाचे दर्शन झाले की प्रदक्षिणेची वाट पायऱ्यांवरून खाली खडकात उतरते. ओहोटी असेल तर लोक तिथे रेंगाळतात. पायाखाली काळा बेसाल्ट, त्यावर खाऱ्या वाऱ्याने कोरलेली जाळीदार नक्षी आणि फटींमध्ये लाटांनी गोल केलेले गोटे. एखादी पांढुरकी गारगोटी ओली असताना अशी लखलखते की ती खिशात टाकण्याचा मोह होतोच. मुक्कामी पोचेपर्यंत ती वाळते, फिकट पडते आणि मग घरात चर्चा सुरू होते : हिला पैलू पाडून मिळतील का? हिऱ्याची पेस्ट लावली तर कायमची चमक येईल ना?

पैलू पाडताना दगड लाखेने किंवा गोंदाने एका दांडीला चिकटवतात आणि ठरलेल्या कोनात फिरत्या चकतीवर टेकवतात. भरड चकतीवर पैलूचा आकार येतो, शेवटच्या चकतीवर चकाकी येते. या शेवटच्या चकतीवर पुष्कळदा हिऱ्याची अतिसूक्ष्म पूड तेलात किंवा पाण्यात मिसळणाऱ्या लुकणात कालवून लावलेली असते. तीच ‘डायमंड पेस्ट’. तिच्याविषयी बाजारात आणि हौशी मंडळींत ज्या समजुती आहेत, त्या एकेक तपासून पाहू.

गैरसमज १ : समुद्राने घोटलेला गोटा म्हणजे निम्मे पॉलिश झालेच.

वस्तुस्थिती : समुद्र दगड गोल करतो, पॉलिश करत नाही. लाटांबरोबर येणारी वाळू सगळ्या आकारांची, आणि गोटे एकमेकांवर सतत आदळत राहतात. त्यामुळे पृष्ठभागावर बारीक टवके आणि ओरखडे पडतच राहतात. पिंपात दगड घोळवून चकाकी आणणारी यंत्रे असतात. त्यांत भरड पूड, मध्यम पूड, बारीक पूड आणि शेवटी पॉलिशची पूड अशा पायऱ्या असतात, आणि प्रत्येक पायरीनंतर सगळे धुऊन काढतात. समुद्राकडे फक्त पहिली पायरी आहे.

हरिहरेश्वरच्या खडकांवरची जाळीही लाटांच्या घोटण्यातून आलेली नाही. खारे तुषार खडकाच्या छिद्रांत मुरतात, पाणी उडून जाते, मागे मिठाचे स्फटिक वाढतात आणि त्यांच्या दाबाने खडक कणाकणाने सुटतो. म्हणजे इथला समुद्र गुळगुळीत करण्याइतकेच खडबडीत करण्याचे कामही करतो.

मग ओला गोटा का चमकतो? पाण्याचा पातळ थर खाचखळगे भरून काढतो आणि वरचा पृष्ठभाग सपाट होतो. उजेड चारी दिशांना विखुरण्याऐवजी सरळ परत येतो, आतला रंगही खुलतो. पाणी उडाले की खळगे उघडे पडतात. पाणी तात्पुरते जे करते, तेच कारागीर खळगे मुळापासून घासून काढून कायमचे करतो.

शिवाय प्रत्येक गोट्याला पैलू पाडण्यात अर्थ नसतो. बेसाल्ट अपारदर्शक असतो आणि वेगवेगळ्या कठीणपणाच्या खनिजांचा बनलेला असतो. पैलूंचा उपयोग उजेड आत जाऊन परत येण्यासाठी. तो पारदर्शक स्फटिकात होतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत गारगोटी, अकीक, झिओलाइट भरले गेले. त्यातला निर्मळ स्फटिक पैलूंसाठी चांगला. अकीक मात्र घुमटाकार घासलेलाच शोभतो.

गैरसमज २ : पेस्टचा थर दगडावर बसतो आणि तोच चमकतो.

वस्तुस्थिती : पॉलिश झालेला दगड स्पिरिटने स्वच्छ पुसला तरी चकाकी जागेवर राहते, कारण वर काही लावलेलेच नसते. पुसल्यावर जाते ती तेलाची किंवा मेणाची चमक.

दृश्य उजेडाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पृष्ठभागावरचे ओरखडे याहून बरेच उथळ झाले की डोळ्यांना ते दिसेनासे होतात आणि पैलू आरशागत उजेड परतवतो. बाजारात १४,००० नंबरची पूड मिळते, तिचा कण साधारण एक मायक्रॉनचा. ५०,००० नंबरचा कण अर्ध्या मायक्रॉनचा. कण जितका, तितका खोल ओरखडा पडत नाही, कारण त्याचे फक्त टोक दगडात रुतते. म्हणून एक मायक्रॉनची पूडही अनेक दगडांना पुरते.

गैरसमज ३ : पूड पुरेशी बारीक असली की मधल्या पायऱ्या गाळता येतात.

वस्तुस्थिती : सगळ्यात जास्त दगड याच समजुतीने वाया जातात. भरड चकतीचा ओरखडा वरून दिसतो तेवढाच नसतो. त्याच्या तळाशी आणखी खोलवर बारीक भेगा गेलेल्या असतात. प्रत्येक पायरीचे काम आधीच्या पायरीची ही सगळी इजा काढून टाकून स्वतःची उथळ इजा मागे ठेवणे, एवढेच. १२०० नंबर म्हणजे साधारण १५ मायक्रॉन, ३००० म्हणजे सहा ते आठ, ८००० म्हणजे तीन. ही उतरण पाळली तर शेवटची चकती पैलूमागे थोडक्यात काम आटोपते. सहाशे नंबरवरून थेट पॉलिशला गेलात तर तासभर घासूनही खोल रेघा राहतात, आणि तोवर पैलूच्या कडा गोल होऊन तीन पैलू एका बिंदूत मिळायचे ते बिंदू सरकतात. केर न काढता फरशी पुसायला घेण्यातला हा प्रकार.

पायरी संपली हे ओळखण्याची रीत बघण्यासारखी आहे. आधी पैलूवर मार्करने शाई लावतात. चकतीवर एक-दोन फेरे दिले की शाई कुठे गेली आणि कुठे राहिली यावरून पैलू सपाट टेकतोय का ते कळते. मग दगड दहा पटीच्या भिंगाखाली धरून दिव्याचा उजेड पैलूवरून डोळ्यात येईल असा कलवतात. उजेड भरून आलेला असताना सगळेच गुळगुळीत वाटते. तो झगमगाट नुकताच सरकतो, त्या क्षणी रेघा दिसतात. जाणता कारागीर प्रत्येक पायरीला घासण्याची दिशा थोडी बदलतो. त्यामुळे रेघ आडवी दिसली की ती आताच्या चकतीची आणि तिरपी दिसली की मागच्या पायरीची, हे लगेच कळते. तिरपी एकही उरली नाही की पुढे जायचे.

गैरसमज ४ : हिरा सर्वांत कठीण, म्हणून प्रत्येक रत्नाला हिऱ्याचीच पेस्ट उत्तम.

वस्तुस्थिती : माणिक आणि नीलम मोह्सच्या कठीणपणाच्या श्रेणीत ९ वर. त्यांच्यासाठी हिऱ्याची पूड हे चोख साधन. स्फटिक (म्हणजे निर्मळ गारगोटी) आणि ॲमेथिस्ट ७ वर. त्यांना हिऱ्याने पॉलिश करता येते, पण बारीक रेघा हट्टाने राहतात. अशा वेळी बहुतेक कारागीर सेरियम ऑक्साइड वापरतात. ही पूड स्फटिकाहून कठीण नाही, तरी ती त्याला सुरेख चकाकी देते, कारण तिथे नुसते घासणे होत नाही. सेरियम, पाणी आणि दगडातली सिलिका यांच्यात पृष्ठभागावर रासायनिक देवघेवही होते. चष्म्याच्या आणि दुर्बिणीच्या काचा याच पुडीने पॉलिश होत आल्या आहेत. नीलमावर मात्र तिचे फारसे चालत नाही.

आपल्याकडचे ठळक उदाहरण अपोफिलाइटचे. जळगावच्या आणि पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले हे खनिज जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे, आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात दख्खनच्या अशा खनिजांचे नमुने पाहायला मिळतात. कठीणपणा जेमतेम ४.५ ते ५, एका दिशेने सहज पापुद्रा सुटणारे, आणि रचनेतच पाणी असल्याने उष्णता न सोसणारे. याला हिऱ्याची पूड, जोर आणि वेग असे तिन्ही एकदम दिले तर हाती तुकडे येतात. इथे मऊ चकती, ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड आणि हलका हात लागतो.

गैरसमज ५ : चकती कठीण आणि पेस्ट भरपूर, की काम झटपट.

वस्तुस्थिती : हिऱ्याच्या पुडीसाठी तांबे, जस्त, कथील असे मऊ धातू मुद्दाम निवडतात. कण धातूत अर्धा रुतून बसला की त्याचे नेमके टोक वर राहते आणि तो ठरलेल्या खोलीइतकेच कापतो. मोकळा कण दगडाखाली गडगडतो आणि टवके काढतो. सिरॅमिकच्या कठीण चकत्याही वापरात आहेत. त्यांवर पैलू अगदी सपाट राहतात, पण चूक माफ होत नाही.

पेस्टचे मोहरीएवढे दोन-चार ठिपके पुरतात. त्यावर तेलाचा थेंब, बोटाने सगळीकडे पसरवून पुसून घ्यायचे, इतके की चकती जवळजवळ कोरडी दिसावी. जास्त पेस्ट असली की दगड तिच्यावर तरंगतो, कण रुतत नाहीत, कडा गोल होतात आणि पैसे वाया जातात. वेगही कमीच ठेवायचा.

गैरसमज ६ : ओरखडा आला म्हणजे पेस्ट भेसळीची.

वस्तुस्थिती : बहुतेक वेळा दोषी असतो तो बाहेरून आलेला एक कण : आधीच्या चकतीवरून नखात राहिलेला, कालच्याच फडक्यात अडकलेला किंवा दगडाच्याच कडेवरून सुटलेला. मऊ धातूत तो रुतला की प्रत्येक फेऱ्याला रेघ मारत राहतो. म्हणून प्रत्येक नंबरची चकती वेगळी, तिचा डबा वेगळा, फडके वेगळे. चकती बदलताना हात, दांडी आणि दगड ब्रशने धुवायचे. किनाऱ्यालगतच्या घरात हे काम करणाऱ्याने तर दुप्पट जपावे. पायाला चिकटून घरात येणाऱ्या वाळूत गारगोटीचे कण असतात. ते स्फटिकाइतकेच कठीण असून त्याला सहज चरा पाडतात.

दुसरे कारण दगडाच्या आतच असते. रत्नाचा स्फटिक सगळ्या दिशांना सारखा कठीण नसतो. कायनाइट एका दिशेने ४.५ ते ५, तर आडव्या दिशेने ६.५ ते ७ भरतो. टोपाझचा पैलू त्याच्या फुटण्याच्या प्रतलाला समांतर आला तर तो काही केल्या पॉलिश घेत नाही. आराखडाच काही अंशांनी कलवावा लागतो. नीलमाचा एखादा पैलू अडून बसला की चकतीची दिशा उलटी केली किंवा दगड वेगळ्या बाजूने फिरवला की सुटतो. हिरा हिऱ्यानेच घासला जातो तोही याच गुणामुळे. पुडीतले कण वाटेल त्या दिशेने बसलेले असतात, त्यांतले काही आपली सर्वांत कठीण बाजू पुढे करतात, आणि घासला जाणारा पैलू कारागिराने तुलनेने सोप्या दिशेने धरलेला असतो. सुरतेत घंटीवर, म्हणजे हिरे घासण्याच्या चकतीवर, बसलेल्या कारागिराचे निम्मे कसब ही दिशा शोधण्यात असते.

गैरसमज ७ : डायमंड पेस्ट म्हणजे खऱ्या हिऱ्यांचा चुरा, म्हणून महाग.

वस्तुस्थिती : आज उद्योगात वापरली जाणारी हिऱ्याची पूड बहुतांशी कृत्रिम असते. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९५४ मध्ये प्रचंड दाब आणि उष्णतेने हिरा बनवला आणि १९५५ मध्ये ते जाहीर केले. त्यानंतर ही पूड सर्वसामान्य कारखान्यांच्या आवाक्यात आली. किंमत ठरते ती कण किती एकसारखे आहेत यावर. एक मायक्रॉनच्या पुडीत पाच मायक्रॉनचे मोजके कण असले तरी ती पॉलिशच्या कामाची राहत नाही.

गैरसमज ८ : हिऱ्याची पेस्ट आली आणि मगच दगडांना चकाकी देता येऊ लागली.

वस्तुस्थिती : इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून भडोचला मोठ्या प्रमाणावर गोमेदवर्गी दगड जात असल्याची नोंद आहे.  पैठण, तेर, नेवासे इथल्या उत्खननांत अकिकाचे सुबक मणी सापडले. खंबायतच्या कारागिरांची जुनी रीत नोंदलेली आहे : मणी, अकिकाची पूड आणि कुरुंदाची पूड कातडी पिशवीत भरायची आणि दोन माणसांनी ती दिवसेंदिवस मागेपुढे लोळवायची. सपाट, धारदार पैलू त्यातून येत नाहीत, चकाकी मात्र उत्तम येते. हिऱ्याने भर घातली ती वेगाची आणि नेमकेपणाची, तीही माणिक-नीलमासारख्या कठीण रत्नांत.

गैरसमज ९ : पॉलिश उत्तम असले की रत्न झळाळणारच.

वस्तुस्थिती : पॉलिश पृष्ठभागाचे काम करते. आतली झळाळी कोनांवर ठरते. स्फटिकाचा क्रांतिक कोन, म्हणजे उजेड आतल्या आत परतण्याची मर्यादा, सुमारे ४०.५ अंश. खालचे पैलू त्याहून कमी कोनात पाडले तर उजेड तळातून निसटतो आणि मधोमध काचेच्या खिडकीसारखी पोकळ जागा दिसते. नीलमाला ही मर्यादा सुमारे ३४ अंश, हिऱ्याला २४. चुकीच्या कोनावर कितीही महाग पेस्ट घासली तरी खिडकी बुजत नाही.

तेव्हा दगड घासायला देताना कोणती पेस्ट वापरता, हे विचारून फारसे काही कळत नाही. आधीच्या चकतीचे ओरखडे संपल्याची खात्री कशी करता आणि प्रत्येक नंबरची चकती वेगळी ठेवता का, हे दोन प्रश्न विचारा. दगड परत घेताना भिंग आणि एक दिवा मागा, पैलू कलवून झगमगाट सरकताना रेघा दिसतात का ते पाहा. दिसल्या तर काम अर्धवट आहे, पैसे पुरे देऊ नका.