चिली चालते, चिली विकणाऱ्या बायका चालत नाहीत

अमेरिकेतल्या टेक्सासने १९७७ साली चिली हा आपला अधिकृत राज्यपदार्थ ठरवला. त्याच राज्यातल्या सॅन अँटोनिओ शहरात मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी बायका एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून संध्याकाळी चौकात टेबलं मांडून हीच चिली विकत. लोक त्यांना 'चिली क्वीन्स' म्हणत. १९३० च्या दशकात अस्वच्छतेचं कारण देऊन त्यांना चौकातून उठवलं गेलं. पदार्थ हवा, तो शिजवणारा हात नको, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

चिली मुळात स्वस्त, चिवट मांसाची. खांद्याचा भाग घ्यावा. जास्त राबणाऱ्या स्नायूत कोलॅजन भरपूर असतं. मंद आचेवर दोन-तीन तासांत त्याचं जिलेटिन होतं, मांस मऊ पडतं आणि रस्सा आपोआप दाटतो. आच मोठी केली तर मांस आकसून कोरडं होतं. एक किलो मांसाचे इंचभर तुकडे तेलात तांबूस परतावेत. मग कांदा, लसूण, जिरे, मीठ आणि भिजवून वाटलेल्या सुक्या मिरच्या घालाव्यात. तिकडे आंचो मिरची वापरतात, ती कमी तिखट. आपल्याकडे बेडगी चालेल. पाणी मांस बुडेल एवढंच. टेक्सासवाले त्यात राजमा घालत नाहीत, त्यावरून भांडतातही!

महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हशीच्या मांसावर बंदी नाही. जनावर म्हातारं असेल तर तासभर जास्त शिजवा. रस्त्यात पिशवी तपासणाऱ्या टोळक्यांना हा फरक माहीत असतोच असं नाही, त्यामुळे परवानाधारक दुकानातूनच घ्या आणि पावती जवळ ठेवा.