तार तीच, वेळ वेगळी

कचेरीतले संगणक ज्या इथरनेटने जोडलेले असतात, तेच आता कारखान्यातल्या यंत्रांपर्यंत पोचले आहे. मी कारखान्यांत नियंत्रणयंत्रणा बसवतो. तिथे हमखास विचारतात, "तार तीच, मग तुमचा स्विच एवढा महाग का?" प्रश्न रास्त आहे.

इथरनेट जन्मले १९७३ साली, अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात. सगळे संगणक एकाच तारेवर. दोघे एकदम बोलले, तर दोघांनीही गप्प व्हायचे आणि नशिबाने ठरेल तेवढे थांबून पुन्हा बोलायचे. कचेरीत हे खपते. ई-मेल अर्धा सेकंद उशिरा आली, तर कुणाचे काय अडते? पण बाटली पुढे सरकल्यावर झडप बंद करण्याचा निरोप आला, तर तो बरोबर असूनही फुकट.

तुम्ही म्हणाल, आता स्विच आले, टक्कर होत नाही. खरे आहे, पण रांग उरतेच. मोठ्या फाइलीमागे इवलासा निरोप ताटकळतो. म्हणून प्रोफिनेटच्या सर्वांत काटेकोर प्रकारात तातडीच्या निरोपांसाठी वेळच राखून ठेवतात. इथरकॅटची तऱ्हा तर गमतीची. एकच निरोप आगगाडीसारखा सगळ्या यंत्रांतून धावतो आणि प्रत्येक यंत्र धावत्या गाडीतूनच आपला माल उतरवते, नवा चढवते!

ही चैन नव्हे. अलाबामातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात १९ ऑगस्ट २००६ रोजी तिसऱ्या अणुभट्टीत पाणी फिरवणारे दोन्ही पंप बंद पडले. चालकांना भट्टी स्वतः बंद करावी लागली. पंपांचा वेग सांभाळणारे नियंत्रक केंद्राच्या इथरनेटवर होते. जाळ्यावर निरोपांचा लोंढा आला आणि ते प्रतिसाद देईनासे झाले. पुढे अशा नाजूक उपकरणांपर्यंत मोजकीच वाहतूक जाऊ देणाऱ्या फायरवॉल तिथे बसवल्या.

बाकी फरक डोळ्यांना दिसणारे. धूळ ओढू नये म्हणून स्विचला पंखा नसतो, हादऱ्याने निसटू नये म्हणून जोडणी आट्यांची असते. तार पुष्कळदा कड्यासारखी फिरवतात, म्हणजे एका ठिकाणी तुटली तर निरोप उलट्या बाजूने जातो.

आणखी एक. कचेरीत संगणक अडला की बंद करून पुन्हा चालू करतात. काचेच्या भट्टीवर तसे करून चालत नाही. तिथे साधा सॉफ्टवेअरचा बदलही दुरुस्तीसाठी ठरवलेल्या बंदची वाट पाहतो, कधीकधी कित्येक महिने.